देवळासमोर सायकल

मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याची सायकल इथेच राहिली. आमच्या बिल्डिंगच्या खाली, पाण्याच्या पंपाशेजारी, ती भिंतीला टेकून उभी असायची. टायर बसलेले, चेन गंजून लाल झालेली, सीटवर कबुतरांची कृपा. भाईंदरच्या हवेत खाडीचा खारेपणा आहे, लोखंड इथे फार दिवस तोंड दाखवायच्या लायकीचं राहत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी कुणीतरी उठून "वो भंगार साइकिल किसकी है?" असं विचारायचं आणि माझा नवरा मान खाली घालायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतली माझी नोकरी संपली, घरात बसून भिंतींकडे बघायची वेळ आली, तेव्हा मी ती सायकल बाहेर ओढली.

नवरा म्हणाला, "या वयात?"

मी म्हटलं, "मग कधी? तेव्हा वेळ कुठे होता?"

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. चालताना माझं काहीतरी बिनसत होतं. उजवा पाय मागे रेंगाळायचा, चप्पल फरशीला घासत यायची. गुडघे असतील, वजन असेल, असं मीच मला समजावत होते. सायकलने गुडघे मोकळे होतात असं कुणीसं म्हणालं होतं. आणि सायकल मला नवी नव्हती. मराठवाड्यातल्या आमच्या गावातून तालुक्याच्या शाळेत मी सायकलनेच जायचे, भावाच्या उंच सायकलच्या मधल्या दांडीखालून पाय घालून शिकलेले. लग्न होऊन इकडे आले आणि ती सुटली.

स्टेशनजवळच्या सायकलवाल्याने माझ्या सायकलकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "आंटी, फेंक दो. नई ले लो." मी तशी तापट बाई. त्याच्याच दुकानातून पाने, ट्यूब, ब्रेकचे रबर, ग्रीसचा डबा असं सगळं घेतलं आणि त्याला सांगितलं, आता बघ. उभी हयात मी काचेच्या नळ्या, तराजू आणि मुलांनी बिघडवलेली यंत्रं सांभाळण्यात घालवली होती. दुसऱ्यांनी मोडलेलं नीट करणं हेच माझं काम होतं. एका सायकलने मला काय दमवायचं?

दमवलं मात्र. चेन डिझेलमध्ये भिजत घातली आणि जुन्या टूथब्रशने घासत बसले. मोबाइलवर कुणीतरी बिहारी मुलगा मागचं चाक कसं खोलायचं ते दाखवत होता, त्याला थांबवत, मागे नेत, पुन्हा बघत मी चाक खोललं. नखं काळी झाली. साडी सोडून मुलाची जुनी ट्रॅकपँट घालून मी खाली बसायला लागले, तेव्हा बायका आधी हसल्या आणि मग आपापल्या मुलांच्या सायकली घेऊन आल्या. मी कुणाचं पंक्चर काढून दिलं, कुणाचा ब्रेक घट्ट करून दिला. नट आवळताना शेवटी एक दाब हाताला कळतो, आता पुरे म्हणून. तो मला फार आवडायचा. तेवढ्यासाठी मी घट्ट असलेले नटही पुन्हा तपासायचे.

सकाळी निघायचं, पुलावरून पश्चिमेला उतरायचं आणि राई-मुर्धा या गावांच्या रस्त्याला लागायचं. मिठागरं, तिवरं, मग गावातली जुनी कौलारू घरं आणि त्यांना खेटून उभे राहिलेले टॉवर. दम वाढेल तशी मी पुढे जात राहिले, आणि एक दिवस थेट तारोडीला समुद्रापाशी पोचले. सायकलवर माझा पाय रेंगाळत नव्हता. दोन्ही पाय निमूट फिरत होते, पूर्वीसारखे. मी मोठ्याने गाणं म्हणत परत आले आणि त्या दिवशी घरात सगळ्यांशी, म्हणजे नवऱ्याशी आणि भाजीवाल्याशी, फार गोड बोलले.

मग एका सकाळी मी सोसायटीच्या गेटपाशी अडले.

आमच्या आवारात गाड्या इतक्या दाटीने लावलेल्या असतात की सायकल हातात धरूनच बाहेर न्यावी लागते. गेट सरकतं आहे, त्याच्यासाठी जमिनीत लोखंडी पट्टी बसवली आहे. त्या पट्टीपाशी आले आणि माझे पाय जमिनीला चिकटले. दुखत नव्हते, मुंग्या नव्हत्या, काही नव्हतं. डोकं म्हणत होतं चल, आणि पाय ऐकत नव्हते. जरा जोर केला तर वरचं अंग पुढे गेलं आणि पाय तिथेच. मी सायकल घट्ट धरली म्हणून पडले नाही.

गेटच्या आत, वॉचमनच्या केबिनला लागून, पांढऱ्या टाइल्सचं गणपतीचं छोटं देऊळ आहे. वॉचमन माझ्याकडे बघायला लागला होता. समोरून पहिल्या मजल्यावरच्या गुजराती भाभी दुधाची पिशवी घेऊन येत होत्या. त्यांनी विचारलं, "क्या हुआ दीदी? रुक क्यों गए?" मी सायकल कमरेला टेकवली, वरचं अंग तेवढं देवळाकडे वळवलं आणि हात जोडले.

भाभी प्रसन्न हसल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने पाय सुटले आणि मी बाहेर पडले.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आम्ही बौद्ध. हे देव मानणार नाही, पुजणार नाही, ही प्रतिज्ञा माझ्या आईबापांनी घेतली आणि मी ती पाळतच वाढले. नवरा तर आमच्या भागातल्या बुद्धविहाराचा कार्यवाह. तो भांडखोर नाही. सोसायटीच्या गणपतीला खाली खुर्च्या मांडायला जातो, जेवणावळीत वाढायला उभा राहतो, आणि आरतीची घंटा वाजली की गुपचूप वर येऊन पेपर वाचत बसतो. इतक्या वर्षांत यात बदल नाही. सगळ्या बिल्डिंगला ते माहीत आहे आणि सगळे त्याला मान देतात. त्या माणसाची बायको भर सकाळी गणपतीसमोर हात जोडून उभी होती.

एकदाच, असं मी स्वतःला सांगितलं. पण पाय पुन्हा अडले, आणि पुन्हा. दर वेळी त्याच पट्टीपाशी. दर वेळी कुणी ना कुणी येत-जात असायचंच, आणि माझे हात आता न सांगता जुळायला लागले होते. सायकलवर टांग मारली की मी पुन्हा धडधाकट.

पुढे मागचं चाक किरकिर करायला लागलं. आत ग्रीस संपलं असणार म्हणून मी ते खोललं. चाकाच्या मध्यात बारीक पोलादी छर्रे असतात. ते पुसून, नवीन ग्रीस भरून, एकेक करून पुन्हा बसवायचे असतात. हे काम मी आधी केलेलं होतं. या खेपेला छर्रा चिमटीत धरला आणि तो सुटला. दुसरा धरला, तोही सुटला. बोटं हलकेच थरथरत होती आणि त्याहून वाईट म्हणजे ती सावकाश चालत होती. मी सांगतेय आणि ती उशिरा ऐकतायत. रागाने मी हात झटकला तर ग्रीसची वाटीच उलटली. छर्रे कुणाच्या स्कूटरखाली, कुणाच्या गाडीखाली घरंगळले. मी हातापायांवर रांगत ते शोधत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटचा छर्रा सापडलाच नाही. अर्धवट चाक मी पोत्यात गुंडाळून ठेवलं, वर जाऊन हात धुतले आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्याही वाकड्या झाल्या.

मीरा रोडच्या एका डॉक्टरांकडे मी एकटीच गेले. त्यांनी बोटं उघडझाप करायला लावली, खोलीभर चालवलं, मनगट धरून फिरवून बघितलं. मग म्हणाले, "पार्किन्सन्स दिसतोय. सुरुवात आहे असं म्हणत नाही, पण हाताबाहेर नाही." हाताबाहेर. हातच तर जात होता माझा.

मी सायकलचं विचारलं. ते म्हणाले, "अजून येते? येऊ शकते. काहींचे चालताना पाय अडतात, पण पायडल फिरवता येतं. मेंदूची गंमत आहे." मला त्या गंमत शब्दाचा फार राग आला. पुढे म्हणाले, "गर्दीत जाऊ नका. पडू नका. आणि घरात कुणाला तरी सांगा." पहिल्या दोन गोष्टी मी ऐकल्या. औषधाच्या गोळ्या सायकलच्या हवेच्या पंपाच्या पिशवीत ठेवल्या, कारण त्या पिशवीला नवरा हात लावत नाही.

न सांगायला कारण होतं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा याने त्यांची जी सेवा केली तिला तोड नाही. पाण्याचं भांडंसुद्धा त्यांना उचलू दिलं नाही. डॉक्टर म्हणायचे, उठवा, चालवा, त्यांचं त्यांना करू द्या. हा म्हणायचा, आईने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबून घेतलंय, आता तिला बसू दे. त्या बसल्या, मग आडव्या झाल्या आणि मग उठल्याच नाहीत. शेवटी शेवटी त्या माझा हात धरून म्हणायच्या, "त्याला म्हणावं, मला कपडे तरी वाळत घालू दे." लोक त्याचं कौतुक करायचे, मीही करायचे. त्याची माया मी जवळून बघितलेली आहे. मला ती नको होती. मला सायकल हवी होती.

सायकलवाल्याकडून नवे छर्रे आणले. चाक बसवायला पूर्वीच्या चौपट वेळ लागला, पण बसवलं. प्रयोगशाळेतला एक चिमटा निरोपाच्या वेळी मी मागून घेतला होता, तो कामी आला. हात नुसता मांडीवर ठेवला की जास्त थरथरतो, कामाला लावला की कमी, हे मला कळलं होतं. म्हणून मी तो रिकामा ठेवेना. सतत फडकं घेऊन काहीतरी पुसत राहायचे. नवरा म्हणायचा, "त्या सायकलचा रंग जाईल आता."

एकदा तारोडीला टपरीवर चहा घ्यायला थांबले होते. शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीने माझ्या ग्लासाकडे बघितलं. चहा काठावरून सांडत होता. "बाय, थंडी वाजते काय गो?" तिने विचारलं. घाम गळत होता तिचा आणि माझाही. मी म्हटलं, "हो, जरा." ती म्हणाली, "थंडी न्हाय ती," आणि तोंड फिरवून मासळीवरच्या माश्या हाकलायला लागली. मला तिथे बसवेना. चहा टाकून मी उठले.

त्याच सुमाराला भाभींनी नवऱ्याला जिन्यात गाठलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "दीदी रोज बप्पा को हाथ जोड़के जाते हैं, हमको बहुत अच्छा लगता है," असं त्या म्हणाल्या. तो वर आला, चपला काढल्या, आणि उभ्या उभ्याच मला विचारलं, "तू खाली हात जोडतेस?"

"कुणी सांगितलं?"

"मी काय विचारलं?"

मी भाजी चिरत होते, सुरी खाली ठेवली, कारण हात दिसला असता. तो खुर्चीत बसला. तो ओरडत नाही, ओरडला असता तर मीही ओरडले असते.

"माझ्या आजाला गावात मारुतीच्या पारापाशी सायकलवरून उतरावं लागायचं," तो म्हणाला. "पार मागे पडेपर्यंत सायकल हातात धरून चालायचं, मान खाली घालून. माझ्या बापाने ते बंद केलं. मार खाल्ला, पण उतरला नाही. तुला हे लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. आणि तू सायकल हातात धरून देवळासमोर उभी राहतेस? तुला कुणी सांगितलं होतं गं उतरायला?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण मला सासूबाईंचा पलंग दिसला, आणि मी म्हटलं, "सवय झाली. काय एवढं त्यात?"

तो माझ्याकडे बघत राहिला. इतकं परकं होऊन त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं चहा झाला का, किल्ली कुठे आहे, एवढ्यावर आलं. रविवारी विहारात वंदनेला बसले तेव्हा पदराखाली एका हाताने दुसरा दाबून धरला होता. खोटं बोलणार नाही, हे शील सगळ्यांबरोबर म्हणताना माझा आवाज फुटला नाही. पुढच्या रांगेतून त्याने मागे वळून बघितलं. मी चुकवतेय असं त्याला वाटलं असणार, आणि त्यात खोटं काय होतं?

सायकल सोडून देणं सोपं होतं. गेटपर्यंत गेलेच नाही की हात जोडायचा प्रश्न नव्हता. दोन-तीन दिवस मी तसं करूनही बघितलं. घरातल्या घरात, मोरीच्या उंबऱ्यापाशी पाय अडायला लागले. मी घाबरले. पुन्हा सायकल काढली.

आणि एका सकाळी तो माझ्या मागोमाग खाली उतरला. "मला बघायचंय," एवढंच म्हणाला.

मी सायकल धरून चालत होते, तो मागे. गेट उघडं होतं. मी मनात म्हणत होते, आज सुट, आजच्या दिवस सुट. पट्टी आली आणि पाय थांबले. डावीकडे देऊळ, उदबत्तीचा वास. वॉचमन नळावर तोंड धूत होता.

"जोड ना," मागून तो म्हणाला. "थांबलीस कशाला? जोड हात."

माझे हात हँडलवर होते. मी ते तिथेच ठेवले.

"मी हात जोडायला थांबत नाही हो," मी म्हटलं. "पाय उचलत नाहीत. म्हणून हात जोडते."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, गोळ्या कुठे ठेवते ते सांगितलं. मागे वळता येत नव्हतं म्हणून हे सगळं मी समोरच्या रस्त्याकडे बघत सांगितलं. मग तो पुढे आला, एका हाताने त्याने सायकल धरली आणि दुसऱ्या हाताने माझा दंड. "चल वर," तो म्हणाला. "सोड ती. मी धरतो तुला, चल, हळू." हा आवाज मला ओळखीचा होता. याच आवाजात तो आईशी बोलायचा.

"मला धरू नका," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन, कारण वॉचमनने वळून बघितलं. "मला बाहेर जायचंय. डॉक्टर म्हणाले, अडलं की कुणाला तरी समोर काहीतरी आडवं टाकायला सांगा. काठी, दोरी, काहीही. ते ओलांडायला पाय आपोआप उठतो."

त्याने इकडेतिकडे बघितलं. काठी नव्हती, दोरी नव्हती. मग त्याने चप्पल काढली आणि आपलं पाऊल माझ्या पावलांसमोर आडवं ठेवलं. माणसाला ओलांडू नये असं आमच्या घरात पोरांना अजून सांगतात. त्याचं पाऊल म्हातारं दिसत होतं, अंगठ्याचं नख पिवळं पडलेलं.

"ओलांड," तो म्हणाला.

मी पाऊल उचललं. उचललं गेलं. मग दुसरं. मी पट्टीच्या बाहेर आले आणि सायकल माझ्याबरोबर आली. तो तसाच आत उभा होता, पाय अनवाणी, मान खाली, देवळाच्या अगदी समोर.

"अरे वाह, भाईसाहब भी!" दुधाची पिशवी घेऊन भाभी रस्त्यावरून येत होत्या. "देखा? बप्पा ने बुला लिया ना आखिर!"

त्याने मान वर केली. त्याचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. आरतीची घंटा वाजली की उठून जाणारा हा माणूस काही बोलला नाही. चप्पल पायात सरकवली आणि उभा राहिला. माझं झाकायला तो ते अंगावर घेत होता, आणि उद्या दुपारपर्यंत ते सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरलं असतं. मला ते सहन झालं नाही.

"नहीं भाभी," मी म्हटलं. "हम लोग नहीं मानते, आपको मालूम है। ये नहीं, मैं भी नहीं। मुझे बीमारी है। पैर रुक जाते हैं यहाँ पे। आपको पता न चले इसलिए हाथ जोड़ती थी।"

भाभींनी पिशवी छातीशी धरली. आधी त्यांना ते खरं वाटेना, मग माझ्या हाताकडे त्यांची नजर गेली. मी तो लपवला नाही. त्यांचे डोळे भरून आले, चांगली बाई आहे ती. आणि लगेच, मला वाटलंच होतं तसं, त्या नवऱ्याकडे वळल्या. "तो फिर ये साइकिल? बंद करवाओ भाईसाहब, गिर जाएँगी किसी दिन।"

मी त्याच्याकडे बघितलं नाही. हँडल धरून वाट बघत उभी राहिले. रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"चलाएगी," नवरा म्हणाला.

मी टांग मारली. पायडल फिरलं, मग दुसरं, आणि मी पुलाच्या दिशेने निघाले. मागे वळून त्याला बघावंसं मला फार वाटलं. पण हल्ली वळून बघितलं की माझा तोल जातो.